पिस्तुलाच्या गळ्यातलं कुलूप

मी कुलूप आहे, पण कुठल्या दाराचं नाही. पेटीचं नाही, दुकानाच्या शटरचंही नाही. माझं अंग म्हणजे हातभर लांब पोलादी तार, तिच्यावर लाल प्लास्टिकचं कातडं, आणि तारेची दोन टोकं जिथे भेटतात तिथे अक्रोडाएवढं डोकं. ही तार पिस्तुलाच्या पोटातून ओवतात, गळ्यातून बाहेर काढतात आणि टोक माझ्या डोक्यात अडकवतात. मग त्या पिस्तुलात गोळी चढत नाही. एवढंच माझं काम. दुसरं काही मला येत नाही.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते ठाऊक नाही. जाग आली तेव्हा मी एका टोपलीत होतो, माझ्यासारख्याच कितीतरी जणांच्या खाली दबून. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातला एक लहानसा दवाखाना होता तो. नर्सच्या टेबलावर आमची टोपली, आणि शेजारच्या टोपलीत मुलांसाठी दात घासायचे ब्रश. ब्रश भराभर संपायचे. आमच्याकडे बायका बघायच्या आणि दुसरीकडे मान वळवायच्या.

शॉना आली ती जूनीला घेऊन. जूनी म्हणजे तिची मुलगी, तिसरं वर्ष सरत आलेली, नाक सदा वाहतं. वजन झालं, उंची झाली, मग नर्सनं नेहमीचे प्रश्न विचारायला घेतले. गाडीत लेकराची खुर्ची आहे का, घरात धुराची घंटा आहे का, औषधं वर ठेवता का. शॉनाची उत्तरं पाठ होती. द्राक्षाचे चार तुकडे करून देते हे तर तिनं न विचारताच सांगितलं. टेबलाच्या कोपऱ्यांना जुने मोजे बांधलेत, हेही सांगितलं. लेक झोपली की नाकाशी बोट धरून श्वास बघते, हे सांगता सांगता लाजली आणि थांबली.

"घरात बंदूक?" नर्सनं त्याच आवाजात विचारलं.

शॉनाचा आवाज मात्र खाली आला. "सासऱ्यांचं पिस्तूल आहे. पलंगाशेजारच्या खणात."

"कुलपात?"

"नाही."

"भरलेलं?"

शॉनानं जूनीची टोपी उगीचच नीट केली. "ते म्हणतात, रिकामं पिस्तूल ठेवायचं तर हातोडाच ठेवावा की. निदान खिळे तरी ठोकता येतील."

नर्स हसली नाही. तिनं टोपलीत हात घातला आणि नेमका मीच तिच्या हाताला लागलो. "फुकट आहे, घेऊन जा. लावायचं की नाही ते तुमचं तुम्ही घरात ठरवा."

घर खोऱ्याच्या अगदी आत, ओढ्याला लागून. घरात माणसं चार. शॉना, जूनी, शॉनाचा नवरा डॅरेल आणि डॅरेलचे वडील व्हर्लिन कॉम्ब्स. व्हर्लिन आयुष्यभर कोळशाच्या खाणीत राबलेले. बायको ओपल जाऊन बरीच वर्षं झालेली. नात झाल्यापासून घरातले सगळेच त्यांना पॅपॉ, म्हणजे आजोबा, म्हणायचे. डॅरेल मात्र लहानपणासारखं डॅडीच म्हणायचा. तो ओहायो नदीवर कोळशाच्या बोटींवर कामाला होता. काही आठवडे नदीवर, मग काही दिवस घरी.

संध्याकाळी जेवायला राजम्यासारख्या पिंटो बीन्स होत्या, मक्याचा पाव आणि कच्चा कांदा. शॉनानं मला मिठाच्या डबीशेजारी ठेवलं आणि कुणाकडे न बघता वाढायला लागली.

"हे काय आणि?" पॅपॉंनी विचारलं.

"कुलूप. दवाखान्यात दिलं. तुमच्या पिस्तुलाला लावायला."

पॅपॉंनी चमचा खाली ठेवला. "माझ्या खणात काय आहे ते दवाखान्यानं विचारलं तुला?"

"सगळ्यांनाच विचारतात."

"आणि तू सांगितलंस."

"मग काय खोटं बोलू?"

"सांगायचं, खणात म्हाताऱ्याची कवळी असते."

"कवळी तरी कुठे जागेवर असते डॅडी तुमची," डॅरेल म्हणाला. "परवा गाडीत सापडली."

पॅपॉ हसले नाहीत. त्यांनी शर्टाच्या खिशातून चष्मा काढला, आणि चष्म्यामागून तळहाताएवढं एक पुस्तक. देशाची राज्यघटना. आमच्या खोऱ्यात बरेच म्हातारे ती अशी खिशात घेऊन फिरतात. अंगठा ओला करून त्यांनी नेमकं पान उघडलं, तेही न शोधता.

"ऐक. लोकांचा शस्त्रं ठेवण्याचा आणि बाळगण्याचा हक्क मोडला जाणार नाही. ठेवण्याचा आणि बाळगण्याचा. गळ्यात तार बांधून खणात निजवण्याचा असं लिहिलंय कुठे?"

"वाक्य मधूनच सुरू केलंत पॅपॉ," शॉना म्हणाली. "सुरुवातीला काय आहे?"

"लोकसेनेचं काहीतरी आहे."

"मग तेही वाचा ना."

त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेसाठी नीट शिस्तीतली लोकसेना आवश्यक असल्यामुळे. झालं समाधान?"

"शिस्तीतली म्हटलंय."

"अगं पोरी, त्या काळी शिस्तीतली म्हणजे काय? बंदूक पुसलेली, तेल दिलेली, हाक आली की तयार. जा, माझं पिस्तूल बघून ये. तुझ्या भांड्यांपेक्षा लख्ख आहे."

"आणि लोकसेना कुठाय?"

"ही काय जेवायला बसलीय," डॅरेल म्हणाला. "डॅडी सेनापती, मी शिपाई, तू भटारखाना."

तेवढ्यात जूनीनं दुधाचा पेला आडवा केला. दूध टेबलभर पसरलं. सगळे उठून पुसायला लागले. पुसता पुसताही पॅपॉ बोलतच होते. "मी मनचं सांगत नाही. वॉशिंग्टनच्या मोठ्या कोर्टानं सांगितलंय. माणसाच्या घरातलं पिस्तूल बांधून ठेवा अशी सक्ती सरकारला करता येत नाही. संपला विषय."

शॉना फडकं पिळत होती. "सक्ती करू नका म्हणालं ना कोर्ट? लावू नका असं म्हणालं का?"

पॅपॉ खुर्चीत परत बसले.

"आपलं आपण होऊन लावलं, तर कुणाचा हक्क मोडला?" ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. एवढं सलग ती सासऱ्यांपुढे कधी बोलली नसावी.

पॅपॉंनी पावाचा तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत राहिले. मग म्हणाले, "ओपल गेल्यापासून या टेबलावर मला कुणी गप्प केलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन आपल्या खोलीत गेले. पिस्तूल रिकामं केलं, माझी तार ओवली आणि किल्ली फिरवली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरी मोठ्यानं म्हणाले, "मी लावतोय. सरकार नाही, दवाखाना नाही. व्हर्लिन कॉम्ब्स लावतोय, आपल्या नातीपायी." किल्ली त्यांनी स्वयंपाकघरात मागच्या दाराजवळच्या खिळ्याला लावली, जूनीच्या हाताला न येणाऱ्या उंचीवर.

असा मी कामाला लागलो.

पिस्तूल माझ्यापेक्षा वयानं पुष्कळ मोठं, अंगानं गार, आणि मानी. पहिले काही दिवस ते माझ्याशी धड वागलं नाही. पण एकाच खणात राहायचं म्हटलं की सवय होते. दर रविवारी चर्चहून आल्यावर पॅपॉ मला उतरवायचे, पिस्तूल खोलून पुसायचे, तेल द्यायचे, जोडायचे, पुन्हा मला चढवायचे. त्यांची बोटं जाड, खाणीत चेमटलेली, पण त्या कामात ती पाण्यासारखी फिरायची. डोळे खिडकीबाहेर असले तरी चालायचं.

एकदा खण उघडा राहिला. जूनीला माझी लाल शेपटी दिसली. तिनं ती धरली आणि ओढली, तशी मागोमाग पिस्तूल धाडकन जमिनीवर आलं. तिला मजा वाटली. तार धरून ती पिस्तुलाला ओढत ओढत खोलीतून निघाली, माजघरातून स्वयंपाकघरात. "चल कुत्र्या, चल," म्हणत होती.

शॉना ओट्याशी उभी होती. तिनं वळून बघितलं आणि होती तिथेच खाली बसली.  मग लेकीला ओढून पोटाशी धरलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. कडी घट्ट आहे की नाही ते चाचपत राहिली. दारात पॅपॉ उभे होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, हातात फिरवली, आणि परत गेले. त्या दिवसानंतर माझ्याबद्दल या घरात कुणी वाईट बोललं नाही.

हे असंच राहिलं असतं तर मी तुम्हाला सांगायला आलो नसतो.

पॅपॉ विसरायला लागले. आधी लहान लहान गोष्टी. चष्मा फ्रीजमध्ये, कॉफीत मीठ. त्यावर सगळे हसायचे, तेही हसायचे. मग शॉनाला ओपल म्हणून हाक मारायला लागले. मग एकदा दुकानातून परत येताना रस्ता चुकले आणि भलत्याच खोऱ्यात कुणाच्या तरी अंगणात गाडी लावून, "माझं घर कुणी बदललं," म्हणून रडत बसले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि हा मागे फिरत नाही असंही सांगितलं. डॅरेलनं त्याच दिवशी गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या. पॅपॉ चार दिवस रुसले, मग गाडी होती हेच विसरले.

पण पिस्तूल ते विसरले नाहीत. नावं गेली, रस्ते गेले, वार गेले, आणि पिस्तूल राहिलं. फक्त माझी आठवण गेली. खण उघडायचे, मला बघायचे आणि दचकायचे. "माझं पिस्तूल कुणी बांधलं?" म्हणायचे. तार ओढायचे, कवळीच्या दातांनी चावायचे. माझ्या कातडीवर त्यांच्या दातांच्या खुणा अजून आहेत. एका दुपारी ते पिस्तूल मांडीवर घेऊन पलंगावर बसले आणि लहान पोरासारखे हुंदके द्यायला लागले. "मी काय गुन्हा केला? मला कैदी का केलं?" नेमका त्या दिवशी डॅरेल घरी होता. बापाला असं रडताना त्यानं जन्मात बघितलं नव्हतं. ओपलच्या मातीलाही ते रडले नव्हते.

नवराबायको स्वयंपाकघरात गेली. आवाज खाली ठेवून भांडत होती, पण लाकडी घरात काय लपतं.

"पिस्तूलच घराबाहेर काढ," शॉना म्हणत होती. "क्लेटनकडे ठेव." क्लेटन म्हणजे शेजारी, डॅरेलचा बालमित्र.

"ते डॅडींचं आहे."

"त्यांना आज वार कुठला ते सांगता येत नाही, डॅरेल."

"वार सांगता येत नाही म्हणून माणसाचे हक्क जातात? कुणाचा हक्क काढायचा तर जज लागतो. मी जज आहे का? मी पोरगा आहे त्यांचा."

"गाडीच्या किल्ल्या काढल्यास तेव्हा जज विचारलास?"

"गाडी घटनेत नाही."

 मला वाटतं हे उत्तर शॉनाला खरंही वाटलं आणि वेडंही.

डॅरेल वाईट नव्हता हो. तो तिच्याजवळ गेला, समजुतीच्या सुरात बोलायला लागला. "ऐक ना. गोळ्या सगळ्या क्लेटनला देऊन टाकतो. पिस्तूल राहील, पण रिकामं. त्यांना ते फक्त जवळ हवंय. आयुष्यभर त्यांनी मला सांगितलं, माणसापाशी हे असलं की माणूस कुणाचा गुलाम नसतो. आता शेवटी शेवटी मीच त्यांना बांधू?"

"आणि जूनी?"

"रिकाम्या लोखंडानं काय होतंय?"

"आणि कुणी आलं, आणि त्यांनी नुसतं रोखलं तरी? समोरचा घाबरून गोळी घालेल त्यांना."

"इथे न ओरडता अंगणात पाय कोण टाकतं? मी स्वतः माझ्या घरी येताना रस्त्यावरून हाक देतो."

ते खरंच होतं. या डोंगरात तशी रीतच आहे. कुणाच्याही घरी जायचं तर रस्त्यावर थांबायचं, गाडीचा भोंगा वाजवायचा, मोठ्यानं आपलं नाव सांगायचं. आतून "ये" असं उत्तर आलं की मगच पुढे व्हायचं. आजोबांच्या आजोबांपासून चालत आलेलं. त्या हाकेवर सगळ्यांचा फार भरवसा.

शॉना कंटाळली होती. दिवसभर म्हातारं माणूस आणि लेकरू दोन्ही सांभाळून ती अर्धी झाली होती. शेवटी म्हणाली, "गोळ्या मी स्वतः मोजून देईन क्लेटनला." डॅरेल म्हणाला, "दे."

त्यानं खिळ्यावरची किल्ली काढली आणि मला उतरवलं. बापाचे डोळे आपल्या बाहीनं पुसले. "घ्या डॅडी. तुमचं तुम्हाला." पॅपॉंनी पिस्तूल छातीशी धरलं आणि पोराच्या गालाला हात लावला. मला किल्लीसकट त्या खिळ्यावर अडकवून ठेवलं. तिथून पुढचं सगळं मी त्या खिळ्यावरून बघितलं.

गोळ्या शॉनानं खरोखरच शोधून काढल्या होत्या. खणातल्या, कपाटातल्या, गाडीतल्या, थंडीच्या कोटाच्या खिशातल्या. मासे धरायची पेटी मात्र तिला आठवली नाही. ती मागच्या दाराशीच होती, माझ्या बरोबर खाली. त्यात गळांच्या खाली, एका तंबाखूच्या डबीत, काही गोळ्या किती वर्षांपासून पडल्या होत्या कोण जाणे.

एका सकाळी शॉना जूनीला अंघोळ घालत असताना पॅपॉंनी ती पेटी उघडली. गळ बघत होते. डबी हाताला लागली. त्यांनी ती उघडली, आणि त्यांचे डोळे खिडकीबाहेर गेले. बाकीचं बोटांनी केलं. त्या बोटांना दर रविवारचं काम पाठ होतं. आजार डोक्यात शिरला होता, बोटांपर्यंत पोचला नव्हता. भरलेलं पिस्तूल त्यांनी डगल्याच्या छातीवरच्या मोठ्या खिशात ठेवलं आणि पुन्हा गळ बघत बसले. आपण काय केलं ते त्यांना दुसऱ्या क्षणी ठाऊक नव्हतं. ते फक्त मला ठाऊक होतं. माझ्या डोक्याला भोक आहे, पण ते किल्लीसाठी. त्यातून शब्द निघत नाही.

त्याच दिवशीची, ऑक्टोबरातली दुपार होती. पानं लाल झालेली, ऊन छान, पुढचं दार उघडं. शॉना घराच्या पुढच्या बाजूला दोरीवर कपडे वाळत घालत होती. जूनी तिच्या पायाशी, चिमटे वेचत. पॅपॉ स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले होते, मांडीवर सोलायच्या शेंगांचं घमेलं.

डॅरेल ठरल्यापेक्षा लवकर सुटला होता. नदीला पाणी कमी म्हणून बोट अडकली, सगळ्यांना घरी सोडलं. रस्त्यावर त्याच्या गाडीचा भोंगा वाजला. मग हाक आली. "कॉम्ब्सचं घर, अहो. डॅरेल आलाय, कुत्रा सोडू नका."

आणि पॅपॉंनी खुर्चीतून खणखणीत आवाजात उत्तर दिलं, "ये रे डॅरेल, कुत्रा बांधलाय."

कुत्रा मरून कैक वर्षं झाली होती. पण हाकेला उत्तर मिळालं होतं. शॉना अंगणातून हसली, जूनीला म्हणाली, "बाबा आला बघ." मुलगी रस्त्याकडे धावली. डॅरेलनं तिला उचलून गरगर फिरवलं, बायकोच्या खांद्यावर हनुवटी टेकली, आणि म्हणाला, "चिखलाचे बूट मागच्या दारी काढून येतो, नाहीतर तू जेवायला देणार नाहीस."

घराला वळसा घालून तो मागे आला. पायऱ्यांवर बसून बूट काढले. मोज्यांवर चालत होता, म्हणून आवाज आला नाही. दार त्यानं हळूच ढकललं. बापाला चकित करायचं होतं.

एवढा वेळ पुष्कळ झाला. पॅपॉंच्या डोक्यातून भोंगा गेला होता, हाक गेली होती, स्वतः दिलेलं उत्तर गेलं होतं. त्यांना दिसला तो मागच्या दारानं आवाज न करता आत येणारा दाढीवाला माणूस.

घमेलं उलटलं. शेंगा जमिनीवर सांडल्या. डॅरेल म्हणाला, "डॅडी, मी."

पुढचं मी सांगत नाही. मी तिथेच, हातभर अंतरावर होतो.

शॉना धावत आली तेव्हा पॅपॉ दाराकडे तोंड करून ताठ उभे होते. तिला म्हणाले, "ओपल, पोराला घेऊन मागे हो. चोर होता."

शेरीफची माणसं आली, सरकारी वकील आले. सगळे ओळखीचेच होते, टोप्या काढून बोलत होते. वकील म्हणाले, "आपल्या घरात, बाहेरून कुणी शिरतंय असं वाटून केलेली गोष्ट आहे. कायद्यानं गुन्हा बसत नाही."

"शिरणारा याच घरात जन्मला होता," शॉना म्हणाली. 

बायकांनी झाकलेली भांडी आणली. बटाट्याची, कोंबडीची, मक्याची. पुरुष मागच्या अंगणात उभे राहून बोलत होते, आणि मागचं दार उघडं होतं.

"हत्याराचा काय दोष? आजाराचा दोष."

"आजार आमच्या आईलापण होता," क्लेटन म्हणाला. "ती पावात मीठ घालायला विसरायची. तेवढंच."

"मग काय, म्हाताऱ्यांची हत्यारं काढून घ्यायची? आज वेड्यांची काढतील, उद्या तुझी."

"माझी काढायची तर आज या," क्लेटन म्हणाला आणि ओढ्याकडे निघून गेला.

पॅपॉ त्याच घरात आहेत. सरकारी वृद्धाश्रमात जागा नाही, आणि शॉनाशिवाय त्यांना कुणी नाही. ती त्यांना पाव दुधात कुस्करून भरवते. ते विचारतात, "डॅरेल कधी यायचाय?" शॉनानं खरं एकदाच सांगितलं. ते खाली पडले, कपाळ जमिनीवर आपटायला लागले, कसेबसे आवरले. मग थोडं पाणी प्यायले, तोंड पुसलं आणि विचारलं, "डॅरेल कधी यायचाय?" तेव्हापासून ती सांगते, "नदीवर आहे पॅपॉ. पाणी चढलं की येईल."

थंडीत एकदा शेरीफचा माणूस पुन्हा आला. तरुण पोरगा, हातात तपकिरी कागदात गुंडाळलेलं काहीतरी. रस्त्यावरून हाक दिली, आणि शॉना दारात येईपर्यंत तिथेच थांबला.

"मिसेस कॉम्ब्स, पिस्तूल परत करायला आलोय. चौकशी संपली. गुन्हा नाही, मग आम्हाला ठेवता येत नाही. ज्याचं त्याला द्यावं लागतं."

"नेऊन नदीत टाका."

"मी टाकलं तर चोरी होईल."

"ज्याचं म्हणताय त्याला आपलं नाव सांगता येत नाही."

पोरगा पाय बदलत उभा राहिला. "जजनं तसं ठरवलं असतं तर गोष्ट वेगळी होती. त्यासाठी आधी घरच्यांनी अर्ज करायला लागतो. तसा कुणी केला नव्हता."

शॉनानं दाराची चौकट धरली. मग बाजूला झाली आणि त्याला आत घेतलं.

पॅपॉ खुर्चीत होते. पोरानं कागद उलगडून पिस्तूल त्यांच्यापुढे टेबलावर ठेवलं. "मिस्टर कॉम्ब्स, हे तुमचं. इथे सही करा."

पॅपॉंनी पिस्तुलाकडे बघितलं.  मग दोन्ही हात मांड्यांखाली घातले, जूनी घालते तसे.

"माझं नाही हे," ते म्हणाले. "कुणीतरी विसरून गेलंय. बिचारा शोधत असेल, नेऊन द्या त्याला."

पोरगा शॉनाकडे बघायला लागला. "आता मी काय करू?"

"कागद इकडे द्या. सही मी करते."

"पण ते तुमचं नाही."

"ते म्हणतात त्यांचं नाही. तुम्ही म्हणता तुमचं नाही. मग माझ्याच गळ्यात आहे ना?"

तिनं सही केली. मग खिळ्यावरून मला उतरवलं. पोरानं पिस्तूल रिकामं असल्याचं उघडून दाखवलं, तरी तिनं स्वतः बोट घालून बघितलं. माझी तार ओवली. पहिल्या खेपेला टोक नीट बसलं नाही. दुसऱ्या खेपेला बसलं.

आता आम्ही घराबाहेरच्या मांस धुरी देऊन टिकवायच्या खोपटात आहोत, चरबीच्या जुन्या डब्यात, वरच्या वाशाला टांगलेले. क्लेटननं विचारलं होतं, कापून तुकडे करून आणू का. पण पॅपॉ आहेत तोवर पिस्तूल त्यांचं आहे, मोडायचा हक्क दुसऱ्या कुणाला नाही, असं वकिलांनी सांगितलं. त्यांना हे पिस्तूल ओळखू येत नाही याची कायद्यात कुठे सोय नाही.

मला राज्यघटनेतलं काही कळत नाही. त्या एका ओळीवर मोठमोठी माणसं पिढ्यान्पिढ्या भांडतायत, पुढेही भांडू देत. आमच्या टेबलावर ते भांडण झालं तेव्हा चौघंही जेवत होते, आणि भांडून झाल्यावरही चौघंच होते. मला भीती भांडणाची नाही. मला फोडायला चोर आला नाही, मला काढायला सरकार आलं नाही. मला काढलं एका चांगल्या मुलानं, बापाचे डोळे पुसता पुसता. त्याला वाटलं, आपण मान देतोय.

तुमच्या घरात कुणी म्हातारं असंच माझी तार ओढून रडायला लागलं, तर त्याच्याजवळ बसा. त्याला शिव्या देऊ द्या, चावू द्या. मी सोसतो, मला त्याचं काही नाही. तुम्हीही सोसा. दया आली म्हणून मला काढू नका.

सकाळ झाली. शॉना येतेय, रोजच्यासारखी, मी लागलेलाच आहे ना ते बघायला. जूनीला तिनं उंबऱ्याबाहेर उभं केलंय, तिथून हलू नकोस म्हणून बजावलंय. स्टुलावर चढून डबा काढते, झाकण उघडते, माझं डोकं मुठीत धरून जोरात ओढते. मी सुटत नाही. ती पुन्हा ओढते.